आग आणि जाळपोळ तपासनीसाचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासनीस नेमकं काय शोधतो?

आग कुठे लागली आणि का लागली, या दोन गोष्टी, आणि त्याच क्रमाने. उगमस्थान ठरल्याशिवाय कारणाबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे. उगमाची जागा चुकली की तिथे सापडलेली प्रत्येक वायर आणि प्रत्येक डाग चुकीच्या गोष्टीचा पुरावा ठरतो.

कारण सांगायचं तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात: उष्णता कशातून आली, सर्वात आधी काय पेटलं, आणि ही दोन्ही कोणत्या घटनेने एकत्र आली. ‘हीटरमुळे आग’ हे अर्धवट उत्तर आहे. ‘चालू हीटरच्या जाळीवर पडदा सरकला आणि आधी पडद्याचं कापड पेटलं’ हे कारण झालं.

घटनास्थळी पोहोचल्यावर पहिलं काम कोणतं?

आत न शिरणं. आधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारायची: छत कुठे खचलंय, भिंत बाहेर झुकली आहे का, जिने कशावर उभे आहेत हे बघायचं. वीज बंद आहे असं कोणी सांगितलं तरी टेस्टर लावून स्वतः खात्री करायची, कारण शेजारच्या जोडणीतून, इन्व्हर्टरमधून किंवा सौर पॅनेलमधून प्रवाह येत असू शकतो. गॅसच्या व्हॉल्व्हची स्थिती नोंदवायची आणि फोटो काढल्यानंतरच त्याला हात लावायचा.

मग श्वासाची काळजी. विझलेल्या आगीतूनही कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, आम्लयुक्त वाफा आणि बारीक काजळी निघत राहते. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसही असतं. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. पी-१०० फिल्टर आणि सेंद्रिय वाफा व आम्लवायूंसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. पण हे कार्ट्रिज कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, म्हणून गॅस मीटर कायम अंगावर हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा पेशा कर्करोगकारक असल्याचं निश्चित मानलं. तपासनीस त्याच राखेत तासन्‌तास गुडघ्यांवर बसलेला असतो. तरी धूर दिसत नाही म्हणून मास्क काढून टाकणारे अनेक जण भेटतात. ही या धंद्यातली सर्वात वाईट सवय आहे. कामाचे कपडे आणि बूट गाडीत मोकळे टाकू नयेत, घरच्या कपड्यांबरोबर धुऊ तर मुळीच नयेत.

कोणाला काय विचारायचं?

अग्निशमन दलातल्या ज्यांनी पहिल्यांदा पाणी मारलं त्यांना: ज्वाळा कोणत्या खिडकीतून येत होत्या, दारं आतून बंद होती की उघडी, कोणती काच तुम्ही फोडली, पाणी कुठून मारलं, जनरेटर किंवा करवतीत पेट्रोल कुठे भरलं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. मग प्रयोगशाळेत पेट्रोल सापडतं आणि सगळा तपास भलत्या वाटेला लागतो.

घरच्यांना किंवा कामगारांना: शेवटी बाहेर कोण पडलं, काय प्लगला लावलेलं होतं, खोलीत सामान कसं मांडलं होतं, अलीकडे कसली दुरुस्ती झाली. आगीआधीचे घरगुती फोटो मागून घ्या. सोफा कुठे होता हे त्यातून जितकं नेमकं कळतं तितकं आठवणीतून कळत नाही. आसपासचं सीसीटीव्ही चित्रण ताबडतोब जपून ठेवायला सांगा. त्या यंत्रातल्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक आहे हे त्याच क्षणी लिहून ठेवा, नाहीतर घटनाक्रम दहा-पंधरा मिनिटांनी चुकतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोटो किती आणि कसे काढायचे?

बाहेरून आत, आणि कमी जळालेल्या भागाकडून जास्त जळालेल्या भागाकडे. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून, एकमेकांवर थोडे चढतील असे फोटो, शिवाय छत आणि जमीन वेगळी. वस्तू हलवण्याआधी एक, हलवताना एक, खाली काय निघालं त्याचा एक. जवळून काढलेल्या प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी, आणि तीच वस्तू खोलीत कुठे आहे हे दाखवणारा लांबून काढलेला एक फोटोही हवा. लेझर स्कॅनर असला तर उत्तम, पण हाताने काढलेला मापांसह नकाशा आणि नोंदी तरीही कराव्याच लागतात.

उगमस्थान कसं ठरवतात?

चार बाजूंनी माहिती येते: साक्षीदार, जळण्याच्या खुणा, विजेच्या तारांवरची ठिणगीची चिन्हं आणि आग कशी पसरते याचं शास्त्र. भिंतीवरचा इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार, काजळी जळून गेल्याने उघडा पडलेला पांढरा पट्टा, लाकडाच्या कोळशाची खोली, जिप्समच्या बोर्डातलं पाणी उडून झालेला भुसभुशीत थर, या सगळ्या खुणा मोजता येतात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक बंधात असतं. उष्णतेने ते निघून गेलेला थर टोकदार मापकाने टोचून मोजतात आणि खोलीभर जाळीसारख्या ठरावीक अंतरावर ते आकडे नकाशावर मांडतात.

पण ‘जिथे सर्वात खोल जळलं तिथे आग लागली’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. बंद खोलीत छताखाली साचलेला गरम वायूंचा थर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोहोचला आणि जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट उष्णता पडू लागली, की खोलीतली जवळपास प्रत्येक उघडी वस्तू काही सेकंदांत पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या फर्निचरने भरलेल्या खोलीत हे पाचेक मिनिटांत होऊ शकतं. त्यानंतर आगीला इंधन मुबलक आणि हवा अपुरी असते, म्हणून ती हवा येते तिथे सर्वात जोरात जळते: दाराजवळ, फुटलेल्या खिडकीखाली, दारासमोरच्या भिंतीवर. सर्वात खोल खुणा तिथे उमटतात, आणि आग मात्र पलीकडच्या कोपऱ्यात लागलेली असते.

याचा किती फटका बसतो ते २००५ मध्ये लास वेगासला झालेल्या प्रयोगातून दिसलं. दोन खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर जेमतेम दोन मिनिटं जळू दिल्या, आणि ५३ तपासनीसांना खोलीच्या चारपैकी कोणत्या भागात उगम आहे ते विचारलं. पहिल्या खोलीसाठी तिघांचं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्या खोलीसाठीही तिघांचंच. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जण बरोबर आले असते.

म्हणून खुणा वाचण्याआधी हवा कुठून आली हे काढावं लागतं: कोणतं दार किती उघडं होतं, कोणती काच कधी फुटली. काचेच्या पडलेल्या तुकड्यांच्या आतल्या बाजूला काजळी नसेल तर ती काच धूर साचण्याआधी फुटली असण्याची शक्यता आहे. काजळी जाड असेल तर नंतर.

जमिनीवरचा वेडावाकडा डाग म्हणजे पेट्रोलसारखं द्रव ओतलं होतं, असं ऐकलंय. खरं का?

फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत हा निष्कर्ष नुसत्या डोळ्यांनी काढता येत नाही. वितळून टपकलेलं प्लास्टिक, पडून जळत राहिलेला पडदा, वरून आलेली उष्णता, गालिच्याची उघडी शिवण, कशानेही तसाच डाग पडतो.

जुन्या पिढीकडून तोंडी आलेल्या अशा बऱ्याच ‘खुणा’ आता बाद झाल्या आहेत. काचेला पडलेलं बारीक तड्यांचं जाळं वेगाने तापल्यामुळे पडतं असं शिकवलं जायचं. ते पडतं तापलेल्या काचेवर पाणी पडल्याने. काँक्रीटचे पोपडे उडणं हे पेट्रोलचं लक्षण मानलं जायचं. ते मुख्यतः आतल्या ओलाव्यामुळे आणि असमान प्रसरणामुळे उडतात. लाकडावरचे मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत खवले आगीचा वेग सांगत नाहीत. गादीच्या स्प्रिंगा बसल्या म्हणजे सिगारेटने धुमसलेली आग, हेही खोटं. तापलेलं पोलाद मऊ होतं, मग आग कशीही लागलेली असो. एक इंच कोळसा व्हायला ४५ मिनिटं लागतात हा हिशोब तर अजून लिहिला जातो. पण जळण्याचा वेग उष्णतेप्रमाणे कित्येक पटींनी बदलतो, त्यामुळे त्यावरून घड्याळ लावता येत नाही.

वितळलेल्या धातूंचंही तसंच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. फ्लॅशओव्हरनंतर साधी खोलीसुद्धा हजार अंशांपलीकडे जाते, म्हणून दाराच्या उंबऱ्याची ॲल्युमिनियमची पट्टी वितळली यात नवल काहीच नाही. कॅलिफोर्नियात १९९१ च्या ऑकलंड टेकड्यांवरच्या वणव्यात जळालेल्या घरांचे अवशेष नंतर मुद्दाम तपासले गेले. त्या घरांत कोणीही पेट्रोल ओतलेलं नव्हतं. तरी वितळलेलं तांबं, तडकलेली काच, बसलेल्या स्प्रिंगा, सगळं तिथे होतं.

या चुकांनी खरंच कोणाचं नुकसान झालंय?

टेक्ससमधल्या कोर्सिकाना इथे डिसेंबर १९९१ मध्ये एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. त्यांचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना अशाच खुणांच्या आधारे जाळपोळ करून खून केल्याचा दोषी ठरवून २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. पुढे अनेक अग्निशास्त्रज्ञांनी त्या खुणांना शास्त्रीय आधार नसल्याचं लेखी मांडलं.

कोर्सिकानाच्या जेमतेम वर्षभर आधी, १९९० मध्ये, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला लाइम स्ट्रीटवर लागलेल्या आगीच्या तपासात सरकारी बाजूच्याच तज्ज्ञांनी शेजारचं तसंच घर मिळवलं, तसंच सामान मांडलं आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता ते पेटवलं. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर ‘ओतल्याच्या’ खुणा हुबेहूब उमटल्या. आरोप मागे घेतले गेले.

चूक उलट दिशेनेही होते. कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये हार्डवेअरच्या एका दुकानाला लागलेल्या आगीत चार जण मेले; आधी तो विजेमुळे झालेला अपघात ठरवला गेला. ती आग लावली होती जॉन ऑर याने, जो स्वतः ग्लेनडेल अग्निशमन दलाचा जाळपोळ तपासनीस होता. दुसऱ्या एका आगीतल्या वहीच्या कागदावर त्याच्या बोटाचा ठसा सापडला होता. १९९८ मध्ये त्या चार मृत्यूंसाठी तो दोषी ठरला.

मग ‘शॉर्टसर्किट’ हे उत्तर तरी बरोबर असतं का?

कधी कधी. बातमीत ते पहिल्याच दिवशी छापून येतं, कारण प्रत्येक जळालेल्या इमारतीत वितळलेली वायर सापडतेच. प्रश्न असा आहे की वायरमुळे आग लागली, की आगीने वायरचं आवरण जाळलं आणि मग तारा एकमेकींना टेकल्या? दुसरा प्रकार कितीतरी जास्त आढळतो.

तारेवर ठिणगी उडाली असेल तर वितळलेला मणी लहान असतो आणि मणी व न वितळलेली तार यांच्यात स्पष्ट सीमारेषा दिसते. आगीच्या उष्णतेने वितळलेली तार लांबवर निमुळती, ओघळलेली, सीमा नसलेली असते. पण मणी सापडला म्हणजे त्या क्षणी तिथे वीज होती एवढंच सिद्ध होतं. तो आगीआधीचा की नंतरचा, हे नुसतं मण्याकडे बघून खात्रीने सांगता येत नाही.

आग लावणारा विजेचा दोष पुष्कळदा शॉर्टसर्किट नसतोच, सैल जोडणी असते. स्क्रू ढिला झाला की तिथला रोध वाढतो. समजा १० अँपिअर प्रवाह वाहतोय आणि त्या जोडावर ३ व्होल्ट खर्च होताहेत, तर एका टिकलीएवढ्या जागेत ३० वॉट उष्णता निर्माण होते. एकूण प्रवाह वाढत नाही, म्हणून ब्रेकर पडत नाही. प्लगची पिन, सॉकेटची पट्टी, न्यूट्रलचा स्क्रू यांवर खड्डे, रंग बदलणं, धातू झिजून गायब होणं असं काही सापडलं तर ते जपा. ब्रेकरचा खटका कोणत्या स्थितीत आहे याचा फोटो काढा आणि त्याला हात लावू नका. ‘चालू आहे का बघू’ म्हणून खटका वर-खाली केला की तो पुरावा संपला. उपकरण जागेवर उघडायचं नाही. वायर आणि प्लगसकट उचलायचं आणि सर्व संबंधित पक्षांसमोर, आधी एक्स-रे काढून, प्रयोगशाळेत उघडायचं.

राख उपसायची कशी?

थराथराने. वरचा थर छताचा, त्याखाली सामान, त्याखाली जमीन. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली हेच महत्त्वाचं. संशयित भागाची चौकटींत विभागणी करा, चौकटीला क्रमांक द्या, छोटी खुरपी आणि ब्रश वापरा, आणि उपसलेलं प्रत्येक चौकटीचं वेगळं चाळा. चाळणी दोन मापांची ठेवा, आधी साधारण ६ मिलिमीटर, मग ३. काडी, फ्यूज, बॅटरीची टोपी अशा वस्तू बारीक चाळणीतच सापडतात. फावडं सर्वात वेगवान असतं आणि सर्वात जास्त पुरावा त्यानेच नष्ट होतो.

ज्वलनशील द्रवाचे नमुने घेताना कुठे चुकतं?

जवळजवळ प्रत्येक पायरीवर.

जागा निवडताना: पूर्ण जळून राख झालेल्या जागी द्रव उरत नाही. ते टिकतं डागाच्या कडेला, फळ्यांच्या फटीत, भिंतीच्या तळपट्टीखाली, गालिच्याखालच्या अस्तरात, मातीत. तिथून घ्या. अल्कोहोल आणि ॲसिटोन पाण्यात विरघळतात, म्हणून भरपूर पाणी मारलेल्या ठिकाणी ते सापडलं नाही तर आश्चर्य नाही.

हात आणि हत्यारं: प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. हत्यार प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, किंवा एकदा वापरून टाकून द्यायचं. पेट्रोलवर चालणारं कोणतंही यंत्र त्या भागात आणायचं नाही.

डबा: न वापरलेला, आतून लेप दिलेला पत्र्याचा रंगाचा डबा सर्वात चांगला, साधारण १ किंवा ४ लिटरचा. काचेची बरणी चालते. साधी पॉलिथिनची पिशवी अजिबात नको, कारण पेट्रोलची वाफ तिच्यातून आरपार जाते; एका गाडीत ठेवलेल्या दोन पिशव्या एकमेकींना दूषित करतात. पुराव्यासाठी बनवलेली नायलॉनची पिशवी वेगळी, ती चालते. डबा दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. वरच्या रिकाम्या जागेतली वाफच प्रयोगशाळा तपासते. झाकणाची खाच स्वच्छ पुसा, नाहीतर ते घट्ट बसत नाही.

तुलनेचा नमुना: त्याच गालिच्याचा, त्याच फळीचा, संशय नसलेल्या जागेवरचा तुकडा वेगळ्या डब्यात. हा विसरला तर गालिच्याच्या गोंदातला द्रावक आणि ओतलेला द्रावक यांत फरक करणं फार अवघड होतं. मातीचा नमुना ताबडतोब गोठवा, कारण मातीतले जिवाणू पेट्रोलियमचे घटक खातात.

प्रत्येक डब्यावर क्रमांक, जागा, वेळ, सही. आणि तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची नोंद सलग. नोंदीत एका रात्रीची फट राहिली तरी न्यायालयात त्याच फटीवर तासभर प्रश्न होतात.

प्रयोगशाळेत काय करतात?

डब्यात सक्रिय कोळशाची छोटी पट्टी टांगतात आणि डबा ६० ते ८० अंशांना कित्येक तास, बहुतेक वेळा रात्रभर, तापवतात. वाफा पट्टीत शोषल्या जातात. मग द्रावकाने त्या काढून गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रांमधून नेतात. निष्कर्ष एखाद्या रसायनावरून नाही, तर घटकांच्या आपसातल्या प्रमाणाच्या नक्षीवरून काढतात. जळालेला गालिचा स्वतःच टोल्युइन (जे पेट्रोलमध्येही असतं) आणि स्टायरीन सोडतो. पाइनसारख्या लाकडातून टर्पेंटाइनचे घटक येतात. म्हणून ‘टोल्युइन सापडलं’ याला एकट्याने काही अर्थ नाही.

नमुना नकारात्मक आला म्हणजे काही ओतलं नव्हतं असं नाही. सकारात्मक आला म्हणजे जाळपोळ असंही नाही. गॅरेजमध्ये पेट्रोल असणारच.

श्वानाने इशारा दिला तर पुरेसं नाही का?

नाही. प्रशिक्षित श्वान नमुना कुठून घ्यावा हे फार चांगलं दाखवतो, आणि अतिसूक्ष्म प्रमाणही हुंगतो. पण जळालेल्या प्लास्टिकचे वास त्यालाही फसवतात. प्रयोगशाळेने दुजोरा न दिलेला इशारा निष्कर्ष म्हणून अहवालात लिहू नये.

पेटत्या सिगारेटने सांडलेलं पेट्रोल पेटतं का?

सिनेमाच्या पडद्यावर पेटतं. पेट्रोलच्या वाफा आणि जळत्या सिगारेटचा संपर्क हजारो वेळा घडवून पाहिलेल्या प्रयोगात वाफांनी एकदाही पेट घेतला नाही. काडी, लायटर, गॅस उपकरणातली सतत जळणारी छोटी पायलट ज्योत, स्विचमधली ठिणगी यांनी मात्र सहज पेटतं. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत सरकते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की पुरे.

मृतदेह सापडला तर?

हलवू नका, वैद्यकीय अधिकारी येईपर्यंत जागा राखा, आणि शरीराखालचं कापड व जमीन हाही पुरावा समजा. मुठी आवळलेली, मुष्टियोद्ध्यासारखी स्थिती स्नायू उष्णतेने आखडल्यामुळे येते, ती झटापटीची खूण नव्हे. कवटीला उष्णतेनेही तडे जातात. आग लागली तेव्हा व्यक्ती जिवंत होती का, हे श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड सांगतं. पण भडक्यात काही श्वासांतच मृत्यू आला तर हे प्रमाण कमी राहू शकतं.

जाळपोळ मग कशावरून ठरते?

होकारात्मक पुराव्यावरून. प्रयोगशाळेने पक्कं केलेलं, तिथे असण्याचं कारण नसलेलं द्रव. एकमेकांशी जोड नसलेली दोन-तीन उगमस्थानं. खोल्यांना जोडणारी कापडाची वा कागदाची वात. वेळ लावून पेटवणारी रचना. मुद्दाम बंद केलेला धूरसूचक. अनेक उगमांच्या बाबतीत सावध राहा: वरून पडलेला जळता तुकडा, डक्टमधून उतरलेली आग आणि फ्लॅशओव्हर हेही ‘दुसरा उगम’ तयार करतात.

‘अपघाताची सगळी कारणं बाद झाली, म्हणजे कोणीतरी लावली’ हा युक्तिवाद चालत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या (एनएफपीए) ९२१ क्रमांकाच्या, १९९२ पासून निघणाऱ्या मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत तो स्पष्टपणे अशास्त्रीय ठरवला. आणि मालकावर कर्ज होतं, विमा नुकताच वाढवला होता, ही माहिती उगम ठरवून झाल्यावर वाचा. आधी वाचली की डोळ्यांना तेच दिसू लागतं.

लिथियम बॅटरीच्या आगी वेगळ्या असतात का?

तपासाच्या दृष्टीने हो. जळालेल्या पॅकमधल्या काही सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असते आणि तो तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा पेटू शकतो. म्हणून पॅक कार्यालयात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. उघड्यावर, इतर वस्तूंपासून दूर ठेवा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं. सेल उडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडतात आणि तिथेही आग लावतात, त्यामुळे प्रत्येक सेल कुठे सापडला हे मोजून नोंदवा. बॅटरी फुटली म्हणजे तिनेच आग लावली असं नाही. बाहेरच्या आगीनेही ती तशीच फुटते. चार्जर, केबल आणि सॉकेट सोबतच जपा.

या कामासाठी काय शिकावं लागतं?

बहुतेक जण अग्निशमन, पोलीस, अभियांत्रिकी किंवा विम्याच्या कामातून येतात. किमान पात्रतेसाठी एनएफपीए १०३३ हे मानक वापरलं जातं. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ आर्सन इन्व्हेस्टिगेटर्स आणि नॅशनल असोसिएशन ऑफ फायर इन्व्हेस्टिगेटर्स या संस्था प्रमाणपत्रं देतात. अग्निरसायन, उष्णतेचं वहन, वीज, इमारत बांधणी आणि पुराव्याचा कायदा पक्का हवा. आणि लिहिता आलं पाहिजे. आग बघितल्याचा अनुभव उपयोगी आहे, पण उत्तर कधीच न तपासलेला वीस वर्षांचा अनुभव चुकांची सवयही लावतो.

‘कारण अनिश्चित’ असा अहवाल दिला तर नाचक्की होते का?

वरिष्ठांना, विमा कंपनीला आणि घरमालकाला तो आवडत नाही, हे खरं. पण दोन शक्यता उरल्या आणि कोणतीच बाद करता आली नाही, तर तेच बरोबर उत्तर आहे. उगम जळून नष्ट झाला, मलबा यंत्राने उपसला, छत कोसळून सगळं एक झालं, अशा जागी ठाम कारण देणाऱ्याला ते कशावरून ठरवलं हे विचारायला हवं.

अहवालात काय असावं?

काय पाहिलं आणि त्यावरून काय मानलं हे वेगवेगळ्या परिच्छेदांत. विचारात घेतलेली प्रत्येक शक्यता, ती कोणत्या तथ्याने टिकली किंवा पडली. कोण आधी येऊन काय हलवून गेलं. कोणत्या भागात जाता आलं नाही. फोटोंचे आणि नमुन्यांचे क्रमांक मजकुरात. ‘बहुधा’ हा शब्द वापरला तर कशाच्या तुलनेत बहुधा, हेही. मूळ नोंदवही, खोडलेल्या ओळींसकट, फाडू नका. उलटतपासणीत सर्वात आधी तीच मागतात.